जास्तीचं नख

जोहे, ता. पेण
१२ जानेवारी १९९७

सीते,

तीन वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून लगेच डोळ्याला पदर लावू नको. ख्यालीखुशाली विचारायला लिहिलेलं नाय. काम हाय.

मला एक चिठ्ठी लिहून पाठव. त्यात इतकंच लिही की मृणाली जन्मली तेव्हा तिचं डोकं आधी बाहेर आलं, चार पोरांसारखं. पाय आधी आले नव्हते. ती पायाळू नाय. खाली तुझी सही कर. आणि नागोठण्याला जाऊन कृष्णाबाई सुईणीचा अंगठा पण घे. म्हातारी अजून आईच्या घरामागंच राहते. रोह्याहून जाऊन यायला तुला असा किती वेळ लागतोय.

खोटं हाय ते मला ठाऊक हाय. त्या दिवशी मीच सूप धरून उभी होते. आधी दोन पाय आले, तू ओरडत होतीस, आणि कृष्णाबाई म्हणाली, ही बाय चालतच आली. सगळं आठवतंय, तू मला शिकवू नको. सांगते ते लिही.

का पाहिजे ते विचारू नको.

पोर बरी हाय. चौथीत गेली, म्हणजे माझ्या पुढं गेली. मी तिसरीत पाटी ठेवली. तुझे भावजी बरे हायत. कासवं पण बरी हायत. दिनानाथला सांग, अजून दूध देत नायत. भर लग्नाच्या पंगतीत साडूला विचारत होता ना, काळुराम, कासव वेळेला किती दूध देतं म्हणून. माणसं हसली, हे जेवणावरून उठले. ते मी विसरले नाय.

तू ती बघितलीच नायस. तळ्यातल्या कासवासारखी समजू नको. नर भाताच्या भरल्या पोत्याएवढा दिसतो, दोन गड्यांना हलत नाय. डोलवीची आमची जमीन कंपनीत गेली तेव्हा लोकांनी मोटारसायकली घेतल्या, कोणी जीप घेतली. तुझ्या भावजींनी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरची कासवांची जोडी घेतली. बंदरावरच्या एका माणसानं यांच्या डोक्यात भरवलं, मुंबईचे शेठलोक बंगल्याच्या बागेत हौसेनं ठेवतात, पिल्लं काढ, हातोहात जातील. नराला मी शेठ म्हणते, मादीला शेठाणी. दिवसभर बसून खातात, दुसरं काय म्हणू. शेठ तिच्यावर चढला की रेड्यासारखा ओरडतो, आणि शाळेतली पोरं कुंपणाला लागतात. मला काठी घेऊन धावायला लागतं. 

पिल्लू एक नाय निघालं. पहिली अंडी तुझ्या भावजींनी खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडी ती आपली समजून उलटीपालटी करत बसली आणि सगळी नासली. आता कोणीतरी सांगितलं की ही अंडी हलवायची नसतात. दसऱ्याला शेठाणीनं घातली ती मी मागं मातीतच ठेवली हायत, वर तूस टाकलाय. कोणाला हात लावू देत नाय.

चिठ्ठी लवकर पाठव. पौषाची अवस यायच्या आधी पोचली पाहिजे. आणि कोणी परका माणूस रोह्याला तुझ्या दारात येऊन पोरीची चौकशी करायला लागला, तर त्यालाही हेच सांग. डोकं आधी आलं.

मी हल्ली दुपारचीसुद्धा कडी लावून बसते. उकाडा नाय ना, म्हणून.

गिरजा


जोहे
२२ जानेवारी १९९७

सीते,

तुला अक्कल कधी येणार गो.

पाकीट मिळालं नाय तुला? उघडं कार्ड टाकलंस? विठू पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग गणपतीच्या कारखान्यात बसून चहाबरोबर दुसऱ्यांना वाचून दाखवतो, मग ज्याचं त्याला देतो. मी पाणी भरून येते तर कारखान्यातली माणसं मलाच सांगतात, वहिनी, तुमची बहीण म्हणते पोर पायाळूच हाय, ती खोटी सही करणार नाय.

वर काय लिहिलंस, तर तू दत्तकाचे कागद करायला निघाली असशील, आधी तिचा जन्म खोटा करशील, मग आई खोटी करशील. म्हणे पोर माझी हाय, मला परत दे.

मला कागदच करायचे असते तर तुझी सही कशाला मागितली असती? पेणला वकील काय कमी हायत? मी काय मागते आणि तुला काय दिसतं.

जुनं उकरायचं तर एकदाच उकरते. तुझी तिसरी पण मुलगीच झाली, ती पण पायाळू. तुझी सासू तोंड फिरवून बसली. माझी कूस रिकामी होती. तू स्वतः माझ्या ओटीत घातलीस. सासू मेल्यावर तुला माया आठवली आणि पोर न्यायला आलीस, तेव्हा मी दार लावलं. ते मी बरोबर केलं. उद्या तशीच आलीस तर,

तर काय ते पुढं लिहिते. आधी हे वाच, आणि दिनानाथलाही वाचून दाखव. 

डिसेंबरात एक गिऱ्हाईक आलं, हैबतराव नावाचं. घाटावरचा माणूस, जीप घेऊन आला. म्हणाला, एका मोठ्या बागायतदाराला बंगल्यात हौसेला कासव पाहिजे. पिल्लासाठी थांबायला तयार नाय, मोठंच पाहिजे. तुझे भावजी खूष. मी चहा ठेवला. चहा घेऊन बाहेर येते तर हा माणूस शेठच्या पायाशी उकिडवा बसून नखं मोजतोय. एक पाय झाला, दुसरा झाला. मागच्या डाव्या पायाला बोटामागं एक बारकं नख हाय, तांदळाच्या दाण्याएवढं, मी रोज खायला घालते तरी मला कधी दिसलं नव्हतं. ते त्याला मिळालं आणि त्यानं हात जोडले. 

मी म्हटलं, हौसेला नेताय का पूजेला? तर हसला. म्हणाला, वहिनी, शेठ लोकांची हौस, आपण काय विचारणार.

मग त्याला पोटाकडून बघायचं होतं. त्यानं आणि यांनी शेठला एका अंगानं उचललं आणि हैबतरावाच्या पाठीत उसण भरली. जागच्या जागी आडवा. उठता येईना, बसता येईना, अंगणात पडून आईला हाका मारतोय. आता असा आडदांड माणूस माझ्या दारात किती वेळ पडून राहणार? मला भात चढवायचा होता. मी शाळेतून पोरीला बोलावली. गावात कोणाची पाठ धरली की तिलाच बोलावतात, तुला ठाऊक हाय. पायाळूचा पाय लागला की उसण जाते. तिनं चप्पल काढली, त्याच्या पाठीवर पाय ठेवला, डावा, मग उजवा. हैबतराव उठला. कंबर वाकवून बघितली आणि चालायला लागला.

विचारतो कसा, पोरगी पायाळू हाय?

मी म्हटलं, व्हय. नुसती नाय, दोन्ही पाय बरोबर आलेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

सीते, तेव्हा मी मान ताठ करून सांगितलं. घरात चांगली भांडी असली की माणूस पाहुण्याला दाखवतो, तशी मी पोर दाखवली.

त्यानं तिला चॉकलेट दिलं आणि कासवाचं बोलणंच सोडून दिलं. वय किती, नक्षत्र कुठलं, अंगावर कुठं डाग हाय का. तुझे भावजी सगळं सांगत बसले, आणि तो पौषाची अवस कधी येते ते बोटांवर मोजत होता. मी पाटा धुवायला म्हणून आत गेले आणि माझे हात थांबले. कारण मला आठवलं. लहानपणी आपल्या आजीनं सांगितलेलं तुलाही आठवत असेल. जास्ती नखाचं कासव मांडतात, समोर पायाळू बसवतात, मंतर म्हणतात, आणि म्हणे पैशाचा पाऊस पडतो. जमिनीत कुठं धन पुरलंय ते पायाळूला दिसतं. आणि आजी मग आवाज खाली करून सांगायची की धन फुकट वर येत नाय, त्याला काहीतरी द्यायला लागतं.

आपण तिच्या कुशीत शिरायचो आणि ती हसायची.

आता पाकिटातून उत्तर पाठव. डिंक लावून.

गिरजा


जोहे
३० जानेवारी १९९७

सीते,

तुझं पाकीट आलं. तू लिहितेस, हा सगळा माझ्या डोक्याचा खेळ असेल, कासवाचं गिऱ्हाईक हाय, कासव नेईल. मला पण तसंच वाटावं म्हणून मी किती दिवस घालवले.

काल हैबतराव परत आला. बरोबर एक माणूस होता, त्याला हे महाराज म्हणतात. भगवं नाय, काय नाय. स्वेटर घातलेला, हातात घड्याळ, शाळेतल्या मास्तरसारखा. माझ्या घरचा चहा घेतला नाय. शेठकडं गेला, ते बारकं नख बघितलं, मान हलवली. मग म्हणाला, मुलीला बोलवा.

मी म्हटलं शाळेत गेलीय. पण ती परसात शेठाणीला भोपळा घालत होती, आणि आपलं नाव ऐकून आली.

महाराजानं खिशातून दोरा काढला. तिला ओट्यावर उभी केली आणि तिच्या पावलाला दोरा लावून माप घेतलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मग दोऱ्याला गाठ मारली. मी म्हटलं, हे कशाला? तर हैबतराव म्हणतो, चपला घ्यायच्यात वहिनी, पोरीला नवीन.

चपलेला गाठ मारतात काय गो? आणि फ्रॉक पण आणलाय, हिरवा. कडक इस्त्रीचा. तिला आवडला. का नाय आवडणार, तिला काय ठाऊक.

मग महाराजानं तुझ्या भावजींना विचारलं, मुलगी तुमच्या पोटची का? ह्यांनी काय सांगावं? आमची नाय, मेव्हणीची. आम्ही सांभाळली.

महाराज हैबतरावाकडं बघून म्हणाला, म्हणजे बरंच झालं.

इतकंच म्हणाला. का बरं झालं? पोटची असती तर काय वाईट होतं? तू सांग. तू तिची आई हायस, तूच सांग.

ते गेल्यावर मी यांना धरलं. म्हटलं, कासव देताय का पोर देताय? तर म्हणतात, तू येडी हायस, अवसेला एक पूजा हाय, घाटावर. पोरीनं नुसतं कासवाजवळ बसायचं. हळदकुंकू लावतील, ओटी भरतील. 

मी म्हटलं, आणि मग?

मग आणून सोडतील.

कोण आणून सोडेल?

हैबतराव.

तुम्ही जाणार बरोबर?

तर म्हणाले, परक्या माणसाला तिथं बसू देत नाय.

सीते, हा माणूस वाईट नाय. पंधरा वर्षांत माझ्यावर हात उचलला नाय. पण कासवं आणल्यापासून गाव याला हसतंय, तुझा नवरा हसला, बंदरावरचा माणूस पण गायब झाला. आता पहिल्यांदा कोणीतरी जीप घेऊन दारात येतं, काळुरामशेठ म्हणतं. याला शेठ ऐकायचं हाय, दुसरं काय ऐकायचं नाय.

दिनानाथ म्हणेल, चौकीत जा. काय सांगू चौकीत? ते आधी विचारतील ही कासवं कुठून आली, कागद दाखव. कागद नाय. यांनाच आत घालतील. आणि हैबतराव म्हणेल, मी गिऱ्हाईक हाय, मी काय केलं? अजून त्यानं काय केलंय? फ्रॉक दिला. दोऱ्याला गाठ मारली. त्याच्यासाठी कोण पकडतं.

शेजारी कोणाला सांगावं तर लोक आधी म्हणतील, पैशाचा पाऊस पडला तर आम्हाला पण बोलव. मस्करी करतील, आणि मनात खरं धरतील.

पोरीला मी शाळेत सोडते आणि फाटकाबाहेर बसून राहते. मास्तरीण म्हणते, गिरजाबाई, आत येऊन बसा, तुमचीही चौथी होईल. मी हसते. लघवीला जायला उठत नाय.

अवस सात तारखेला हाय.

ही ओळ लिहायला मी मगापासून बसलेय. तू मागितलीस तेव्हा दिली नाय. आता मी पाठवते. घे. आई म्हणून घे. त्यांना बिनआईची पाहिजे, तर तिला आई हाय हे दिसू दे.

मी माफी मागत नाय. ते वेगळं हाय.

गिरजा


जोहे
४ फेब्रुवारी १९९७

सीते,

हे पत्र रशिदाच्या हातात देते हाय आणि पोर पण तिच्याच हातात. पेणला रामवाडीत तिचं भाजीचं दुकान हाय. कोबीची वरची पानं मी तिच्याकडूनच आणते शेठसाठी, तिथून ओळख. तिचं माहेर रोह्याला. नवरा अब्बास आखातात असतो, म्हणून ती पोरांना घेऊन मधूनमधून माहेरी जातेच, कोणी विचारत नाय. मी तिला सगळं सांगितलं नाय, थोडं सांगितलं. ती म्हणाली, अगो, मला पुढचं सांगू नको, मला झोप येणार नाय. पोर माझ्या इकराबरोबर खिडकीत बसेल, कोणी विचारलं तर माझी भाची. कोणी नाव विचारलं तर मीच बोलेन, हिनं तोंड उघडायचं नाय, हिचं तोंड उघडलं की जोहे बाहेर पडतं.

मृणाली हसली. म्हणून रशिदा बरी. मला त्या वेळी कोणाला हसवता आलं नसतं.

यांना सांगितलं नाय. हे डोलवीला कामावर गेलेत, शिफ्ट सुटून येतील तेव्हा सांगेन. 

आता नीट वाच.

भात खाते, भाकरी खात नाय. सुकट आवडते, पण काटा लागेल म्हणून तुझ्या ताटातली मागेल. केस विंचरताना रडते, तिकडं लक्ष देऊ नको. डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपते, ते काढू नको, श्वास घेते बरोबर. गणित येतं. कविता पाठ नसेल तर पोटात दुखतं म्हणते, पोट दुखत नसतं.

शाळेत नाव घालशील तेव्हा बापाचं नाव दिनानाथ लाव. आईच्या जागी तुझं. पाठीत चमक आली म्हणून कोणीही आलं, तुझा दीर आला, कंपनीतला साहेब आला, तरी तिचा पाय लावू देऊ नको. माणूस मरत नाय उसण भरून. तेल लावून झोप म्हणावं. तिलाही सांगून ठेवलंय, कोणी विचारलं तर डोकं आधी आलं. ती म्हणाली, आये, मग गावात सगळ्यांच्या पाठी कशा बऱ्या झाल्या?

आणि हे पण सांगितलंय की तुला आई म्हणायचं आणि मला मावशी. म्हटलं, मोठी झालीस, आता खरं तेच बोलायचं. तिनं विचारलं, म्हणजे इतके दिवस खोटं बोलत होतो? मी म्हटलं, बसची वेळ झाली.

हिरवा फ्रॉक पाठवत नाय. चुलीत घातला. तिनं विचारलं तर सांग, उंदरानं खाल्ला.

पोचली की लगेच पत्र टाक. पण पोर पोचली असं लिहू नको, पाकिटात पण नको. लिही की पापड पोचले.

गिरजा


जोहे
९ फेब्रुवारी १९९७

सीते,

पापड पोचल्याचं समजलं. बरं झालं.

अवसेचं सांगते. मी एकटी बसून वाट बघणार नव्हते. शेजारच्या कारखान्यात माघी गणपतीचं काम चालू हाय, मूर्ती वाळवायला जागा पुरत नाय. मी आदल्या दिवशी जाऊन म्हटलं, माझं अंगण वापरा, ऊन चांगलं येतं. कारखानदार विचारतो, वहिनी, कासवं मूर्ती पाडतील ना? मी म्हटलं, कासवं बांधून ठेवीन, तुम्ही माणसं पाठवा. तर सकाळपासून अंगणभर गणपती, आणि मूर्तीमागं एक एक माणूस, कोणी घासतंय, कोणी रंग देतंय, ट्रान्झिस्टर लावलेला. 

आणि त्याच्या आधी, उजाडल्या उजाडल्या, मी एक काम केलं होतं. तुझे भावजी तोंड धूत होते. मी शेठसमोर अख्खा भोपळा ठेवला, तो खाण्यात गुंतला, आणि यांची पक्कड घेऊन मागच्या डाव्या पायाचं ते बारकं नख धरलं आणि तोडलं. शेठनं भुस्स करून पाय आत घेतला. रक्त आलं. मी हळद भरली, चुलीतली राख भरली. नख खाडीच्या बाजूच्या गटारात टाकलं. मुक्या जनावराला दुखवलं, ते माझ्या माथी.

पोर गेल्यावर हे माझ्याशी बोलत नव्हते. पक्कड बघितली, पाय बघितला, आणि ओट्यावर बसून राहिले.

जीप आली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हैबतराव मूर्त्यांतून वाट काढत आला. म्हणाला, पोरीला तयार करा, लांब जायचंय.

मी म्हटलं, पोर नाय इथं. आई घेऊन गेली.

आई कसली, सांभाळली तर तूच.

मी मावशी हाय, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रंग देणारे हात थांबले. आईबाप जिवंत हायत तिचे. बाप कंपनीत कामाला हाय, युनियनमधला हाय, त्याच्यामागं शंभर माणसं हायत. 

दिनानाथ युनियनमध्ये नाय ते मला ठाऊक हाय. आता जाऊन घाल म्हणावं नाव.

तो जवळ आला. हळू बोलला. म्हणाला, पोरगी पायाळू हाय.

मी म्हटलं, नाय. थापा मारल्या मी. 

मग माझी पाठ कशी बरी झाली?

सीते, जी गोष्ट पोरीनं विचारली तीच त्यानं विचारली. मी म्हटलं, तुझ्या पाठीला काय झालंच नव्हतं, कासव उचलायला जमलं नाय म्हणून लाजून पडला होतास. कारखान्यातले हसले. तो हसला नाय.

तोपर्यंत महाराज शेठपाशी बसला होता. नखं मोजली. परत मोजली. पाय ओढून बघितला, राख पुसली. मग उठून हात झटकले आणि म्हणाला, हे खंडित झालं, हे चालणार नाय.

आणि तेव्हा तुझे भावजी पहिल्यांदा बोलले. ओट्यावरूनच विचारलं, महाराज, पूजा झाल्यावर पोरीला कधी आणून सोडणार होतात? रात्रीच का दुसऱ्या दिवशी?

साधा प्रश्न होता. महाराजानं घड्याळाकडं बघितलं. हैबतराव जीपकडं बघायला लागला. दोघांपैकी एकानं जरी रात्री म्हटलं असतं, दुसऱ्या दिवशी म्हटलं असतं, काहीतरी खोटं सांगितलं असतं, तर यांनी अजून विश्वास ठेवला असता. पण त्यांनी त्याचा विचारच केलेला नव्हता. त्यांच्या हिशोबात ती परत यायचीच नव्हती, मग तारीख कुठून सांगणार?

यांचं तोंड मी बघितलं. मेलेल्या माणसाचं पण असं नसतं.

जीपमध्ये बसताना हैबतराव मला म्हणाला, नख तू तोडलंस. मग म्हणाला, नखाचं बघू, जनावरं दुसरी मिळतात. रोहा पण काय लांब नाय.

मी रोह्याचं नाव घेतलं नव्हतं, सीते. मी आई म्हटलं, बाप म्हटलं, कंपनी म्हटलं. रोहा नाय म्हटलं. तुझ्या त्या कार्डावर पत्ता होता, आणि ते कार्ड अख्ख्या कारखान्यानं बघितलंय.

पोरीला एकटी सोडू नको. पाया पडते.

गिरजा


जोहे
२ मार्च १९९७

सीते,

तुझं पत्र आलं, त्यात तिचंही आलं. दिनानाथनं खोली बदलली हे बरं केलं. शाळेत तो स्वतः सोडतो हे पण बरं. त्याला सांग, पंगतीतलं मी सोडून दिलं. तुझ्या भावजींनी पण सोडलं. रोज शेठचा पाय धुतात, हळद लावतात. मी सांगत नाय, आपणहून करतात. मुंबईचा एक माणूस बागेसाठी जोडी मागायला आला होता, खरंच बागेसाठी. यांनी दारातूनच परत पाठवला.

मृणालीनं लिहिलंय, मावशी, शेठचा पाय बरा झाला का, आणि अंडी फुटली का. मावशी लिहिलंय. मीच शिकवून पाठवलं होतं, बरोबर लिहिलं. अक्षर सुधारलंय.

जीप परवा पेणच्या नाक्यावर रशिदानं बघितली. तीच का दुसरी तिला सांगता येत नाय. सगळ्या जीपा सारख्याच दिसतात म्हणते. मला पण आता सगळ्या तशाच दिसतात.

तिला सांग, शेठचा पाय बरा हाय. थोडा ओढतो.

अंड्यांचं तिला आत्ता सांगू नको. तुलाच सांगते. आज दुपारी मी मागं पाणी घालायला गेले. तुसाखालची माती हलत होती. मी बादली ठेवली आणि गुडघ्यावर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माती सरकली, भेग पडली, आणि बाहेर आधी डोकं नाय आलं. पाय आला. बारका, ओला, नखं हलवत.

मी मागं वळून बघितलं, कारखान्याच्या खिडकीत कोण उभं नाय ना. कुंपणाशी कोण नव्हतं. मग पाटी आणून त्यावर पालथी घातली, पाटीवर दगड ठेवला, आणि पदर सावरून वर बसून राहिले, सगळं बाहेर येईपर्यंत.

गिरजा